किमती उतरल्या की उतरवल्या?

मराठी व्याकरणाच्या तासाला प्रयोजक क्रियापदे शिकवताना उदाहरणांची कधी वाण पडत नाही. बसणे–बसवणे, चढणे–चढवणे, पडणे–पाडणे, उतरणे–उतरवणे. मूळ धातूत जी गोष्ट आपोआप घडल्यासारखी दिसते, तिच्यामागे उभा असलेला घडवणारा प्रयोजक रूपात पुढे येतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शकांपर्यंत हा भाग सर्वत्र आहे आणि विद्यार्थी तो दोन गुणांसाठी पाठ करून पुढच्या वर्षी विसरतात. प्रस्तुत लेखात या दोन गुणांच्या प्रश्नाचा उपयोग आम्ही अशा ठिकाणी करणार आहोत, जिथे मराठीच्या अध्यापकांनी सहसा फिरकू नये असा अलिखित संकेत आहे : संगणक बनवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब, तिने सुट्या भागांच्या पुरवठादाराशी केलेला व्यवहार, आणि ते हिशेब वाचून तिच्यात पैसे गुंतवणारी माणसे.

या वाटेला आम्ही का गेलो, हे थोडक्यात सांगणे भाग आहे. आम्ही दोघेही १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलो. महाराष्ट्रात या तारखेचा अर्थ काय, हे शिक्षकवर्गाला समजावून सांगण्याची गरज नाही. आमच्या आधीच्या पिढीला शेवटच्या पगाराच्या प्रमाणात निवृत्तिवेतन मिळते. आमच्या पगारातून दरमहा अंशदान कापले जाते, त्याचा काही भाग समभागांत गुंतवला जातो आणि म्हातारपणी काय हाती येईल ते बाजारावर अवलंबून राहते. म्हणजे अर्ज न करता, हौस नसताना, केवळ नेमणुकीच्या तारखेमुळे आम्ही गुंतवणूकदार झालो. आमचा पैसा अमेरिकेतल्या संगणक कंपन्यांत नाही. परंतु कोणाच्या तरी वार्षिक अहवालावर विश्वास ठेवून कोणीतरी तो कुठेतरी गुंतवीत असते, एवढे खरे. दुसरे कारण अभ्यासक्रमातले. व्यावहारिक मराठीत ‘अहवाललेखन’ हा घटक आहे. अहवाल वस्तुनिष्ठ असावा, त्यात निवेदकाचे ‘मी’पण नसावे, भाषा संयत असावी, असे मुद्दे फळ्यावर लिहून द्यायचे असतात. कथाकादंबरीत निवेदकावर किती विश्वास ठेवावा, याची चर्चा करण्यात आपण अख्खे सत्र घालवतो. अहवालाच्या निवेदकावर मात्र तो केवळ ‘मी’ म्हणत नाही एवढ्याचसाठी विश्वास ठेवायला शिकवतो. ही विसंगती आम्हाला बरीच वर्षे टोचत होती. म्हणून वर्गासाठी आम्ही एक खरा अहवाल आणि त्याच अहवालाचे एका सरकारी यंत्रणेने केलेले वाचन शोधले. ते डेल कंपनीचे निघाले.

डेलची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात एके काळी पोथीसारखी लावली जात असे. १९८४ साली मायकेल डेल नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी टेक्सास विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत संगणक जुळवून विकू लागतो. १९८८ साली कंपनीचे समभाग बाजारात येतात. पुढच्या दीड दशकात ती जगातील संगणकविक्रीत अग्रभागी जाऊन बसते. या यशाचे कारण म्हणून जे सांगितले जाई ते मोठे देखणे होते. डेल दुकानदाराला मध्ये घेत नाही, थेट गिऱ्हाइकाला विकते. मागणी नोंदवल्यावरच यंत्र जुळवते. त्यामुळे गोदामात माल पडून राहत नाही. संगणकाचे सुटे भाग भाजीपाल्यासारखे असतात, दर आठवड्याला त्यांची किंमत घटते, त्यामुळे ज्याच्याकडे माल साठत नाही तो जिंकतो. या सगळ्यात खोटे काही नव्हते, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. डेलची पद्धत खरोखरच काटकसरीची होती. गोष्ट पूर्ण बनावट असती, तर ती इतकी वर्षे टिकली नसती.

या गोष्टीत एक पात्र मात्र पडद्याआड होते. संगणकाच्या सर्व सुट्या भागांत प्रोसेसर हा सर्वांत मोलाचा, आणि तो बनवणाऱ्या कंपन्या मुख्यत्वे दोन : इंटेल आणि तिच्या मानाने लहान असलेली एएमडी. २००६पर्यंत डेलने आपल्या संगणकांत केवळ इंटेलचेच प्रोसेसर बसवले. इतर मोठे उत्पादक थोडेफार एएमडीकडे वळले, डेल वळली नाही. या एकनिष्ठेबद्दल इंटेल डेलला पैसे देत होती. अमेरिकेचे सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन, म्हणजे आपल्या सेबीसारखी तिकडची जुनी यंत्रणा, हिने जुलै २०१०मध्ये न्यायालयात दाखल केलेल्या तक्रारीत त्याचे आकडे दिले आहेत. डेलच्या आर्थिक वर्ष २००३मध्ये ही रक्कम कंपनीच्या परिचालन नफ्याच्या १० टक्के होती. २००६च्या आर्थिक वर्षात ती ३८ टक्के झाली. आणि २००७च्या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे २००६च्या फेब्रुवारी ते मे या काळात, ७६ टक्क्यांवर गेली. नफ्याच्या दर शंभर रुपयांतले शहात्तर, दुसऱ्याचा माल न घेतल्याबद्दल मिळालेले. बाजारातील विश्लेषक दर तिमाहीला नफ्याचा जो अंदाज बांधत, तो डेल वर्षानुवर्षे न चुकता गाठत असे, आणि हीच तिच्या चोख कारभाराची खूण मानली जाई. आयोगाचे म्हणणे असे की, इंटेलचे पैसे वगळले असते, तर त्या काळात प्रत्येक तिमाहीत हा अंदाज हुकला असता.

या पैशांना मराठीत काय म्हणावे, यावर आमचा बराच काळ गेला. ‘सूट’ म्हणावे, तर सूट मालावर मिळते, आणि इथे ती प्रतिस्पर्ध्याच्या मालाकडे पाठ फिरवण्यावर होती. ‘दलाली’ नाही, कारण मध्यस्थ नाही. ‘दस्तुरी’ हा जुना शब्द जवळचा वाटला. परंतु दस्तुरीत रूढीचा भाग असतो, सर्वांना ती ठाऊक असते, आणि इथे नेमकी तीच गोष्ट नव्हती. शेवटी आम्ही ‘एकनिष्ठेचा मोबदला’ असा सरळ शब्दप्रयोग वर्गात वापरला. डेलच्या कचेरीत या योजनेला ‘मदर ऑफ ऑल प्रोग्रॅम्स’ म्हणत आणि पत्रव्यवहारात त्याची आद्याक्षरे लिहीत. सर्व योजनांची आई. लोक आपसांत बोलताना गोष्टींची नावे बहुधा खरी ठेवतात.

आता हा मोबदला हिशेबात कुठे जातो ते पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. एखाद्याला वाटेल, बाहेरून आलेला पैसा म्हणजे उत्पन्न. तो उत्पन्नाच्या बाजूला दिसेल आणि कोणीही विचारील की हा कुठून आला. तसे होत नाही. पुरवठादाराकडून आलेली सूट ही खरेदीच्या खर्चातून वजा होते. म्हणजे नफातोटा पत्रकात नवी ओळ उमटतच नाही. असलेल्या ओळीतला आकडा लहान होतो. ‘विक्री झालेल्या मालाचा खर्च’ कमी दिसतो, खर्च कमी म्हणजे नफा जास्त, आणि वाचणारा म्हणतो, पाहा, किती काटकसरीने संगणक बनवतात. वर सांगितलेली देखणी गोष्ट त्याने ऐकलेली असतेच. आकडा तिच्यात चपखल बसतो. खर्चात अशी वजावट करणे हिशेबाच्या नियमांना धरून असू शकते, आणि आम्ही त्याबद्दल तक्रार करीत नाही. तक्रार निवेदनाची आहे. एक आकडा कशाचा बनला आहे हे सांगणारे वाक्य लिहिले गेले नाही, आणि ती मोकळी जागा वाचकाने स्वतःच्या कौतुकाने भरून काढली. साहित्यातल्या ‘रिकाम्या जागा’ वाचक भरतो, असे आपण आस्वादप्रक्रिया शिकवताना मोठ्या उत्साहाने सांगतो. अशा जागेचे भाडे कोणाला तरी मोजावे लागते, ही बाजू त्या सिद्धान्तात येत नाही.

मे २००६मध्ये डेलने जाहीर केले की, आपण काही यंत्रांत एएमडीचे प्रोसेसर वापरणार आहोत. इंटेलने पैसे कमी केले. त्या उन्हाळ्यात डेलचा नफा एकदम घसरला, समभागाचा भावही घसरला, आणि कंपनीला कारण सांगणे भाग पडले. तिने दोन कारणे दिली : मागणी मंदावलेली असताना आम्ही विक्रीचे दर फार खाली नेले, आणि सुट्या भागांच्या किमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत.

हे दुसरे वाक्य आम्ही फळ्यावर लिहिले. ‘सुट्या भागांच्या किमती अपेक्षेइतक्या उतरल्या नाहीत.’ कर्ता कोण? ‘किमती’. क्रियापद? ‘उतरणे’, अकर्मक. प्रयोग? कर्तरी. व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे, आणि त्यात किमती स्वतःच्या पायांनी जिना उतरत येतात, यंदा दोनच पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. त्यांना आजवर कोण उतरवीत होते, आणि आता त्याने हात का आखडता घेतला, हे विचारायला या वाक्यात जागाच नाही. तेच वाक्य प्रयोजकात घातले की वेगळे दिसू लागते : ‘इंटेलने किमती पूर्वीइतक्या उतरवल्या नाहीत.’ आता तृतीयेचा ‘ने’ आला, आणि ‘ने’ आला की त्याच्या मागे नाव घालावेच लागते. मराठी कर्मणी प्रयोगाचा हा एक गुण आहे. इंग्रजी कर्मणीत कर्ता गाळला तरी वाक्य पूर्ण वाटते. आपल्याकडे ‘किमती उतरवल्या’ एवढेच म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोणी?’ आयोगाने नेमका हाच ‘कोणी’ विचारला. त्याच्या म्हणण्यानुसार, इंटेलचा मोबदला जेवढा घटला ती रक्कम डेलच्या त्या तिमाहीतील परिचालन नफ्यात झालेल्या घटीच्या ७५ टक्के होती.

वर्गात एका विद्यार्थिनीने हात वर केला. ‘पण सर, यात खोटं काय आहे? किमती खरंच कमी उतरल्या होत्या ना?’ प्रश्न इतका रास्त होता की तास तिथेच थांबला. शब्दशः खरे असलेले वाक्य फसवणूक करू शकते का? ‘नरो वा कुञ्जरो वा’ आठवणे स्वाभाविक होते आणि कोणीतरी ते म्हणालेही. परंतु ते उदाहरण पुरेसे लागू पडत नाही. युधिष्ठिराने एक शब्द हळू उच्चारला. इथे सगळे शब्द स्पष्ट उच्चारलेले होते. फक्त क्रियापदाची जात अशी निवडली होती की कर्त्याची गरजच उरू नये. मग मागच्या बाकावरून नाशिक जिल्ह्यातला एक मुलगा बोलला. त्याच्या घरी कांदा आहे. ‘आमच्याकडे भाव पडला असं व्यापारी म्हणतो,’ तो म्हणाला, ‘वडील म्हणतात, भाव पाडला.’ दामल्यांच्या व्याकरणातले प्रयोजकाचे प्रकरण इतक्या थोड्या शब्दांत कोणी शिकवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. बाजारात कोणाचा भाव कोणी पाडला की तो आपला आपण पडला, हा वाद प्रत्येक वेळी शेतकऱ्याच्याच बाजूने सुटतो असे नाही. कित्येकदा भाव खरोखर आवक वाढल्यानेच पडतो. परंतु दोन क्रियापदे हाताशी असणे, आणि कोणते वापरले जात आहे याकडे कान असणे, ही एक जमा आहे. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी कागदपत्रांच्या भाषेत अडकलेल्या शेतकऱ्याचे जे चित्र काढले, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. कागद वाचता न येणारा माणूस आणि कागद वाचूनही त्यातला ‘कोणी’ न दिसणारा माणूस यांत अंतर आहे, पण ते आपण पदवीधर समजतो तेवढे मोठे नाही.

संगणक उत्पादक अशा करारात का शिरतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा असला तरी त्याचे गणित पाचवीच्या पुस्तकातले आहे. समजा, एका उत्पादकाला शंभर प्रोसेसर हवे आहेत. त्यांतले ऐंशी तो मोठ्या पुरवठादाराकडूनच घेणार, कारण गिऱ्हाइकांना तेच हवे असतात आणि लहान पुरवठादाराचा कारखाना तेवढे बनवूही शकत नाही. खरी स्पर्धा उरते ती वीस नगांची. मोठा पुरवठादार म्हणतो : एका नगाची किंमत हजार रुपये, पण शंभरच्या शंभर माझ्याकडून घेतलेत, तर प्रत्येक नगावर शंभर रुपये परत. म्हणजे एकूण ९०,००० रुपये पडतात. उत्पादकाने वीस नग दुसऱ्याकडून घ्यायचे ठरवले, तर उरलेल्या ऐंशींवरची सूटही जाते. त्यांचेच ८०,००० होतात. आता लहान पुरवठादाराने आपले वीस नग १०,००० रुपयांत, म्हणजे नगाला पाचशे रुपयांत दिले, तर कुठे उत्पादकाची बरोबरी होते. मोठ्याने नऊशेला विकलेल्या मालाशी स्पर्धा करायला लहान्याने पाचशेला विकायचे! माल चांगला असो वा वाईट, हा फरक त्याच्या दर्जाचा नाही, कराराच्या घडणीचा आहे.

हे केवळ फळ्यावरचे गणित नाही. युरोपीय आयोगाने मे २००९मध्ये इंटेलवर जो निर्णय दिला त्यात एक प्रसंग आहे. एएमडीने एका संगणक उत्पादकाला दहा लाख प्रोसेसर फुकट देऊ केले. सगळे घेतले असते, तर त्याला इंटेलकडून आणखी कित्येक लाख प्रोसेसरांवर मिळणारी सूट गमवावी लागली असती. त्याने फक्त १,६०,००० घेतले. जगातील एका प्रगत उद्योगात फुकटचा माल परवडत नाही म्हणून नाकारला गेला, ही घटना एखाद्या विनोदी लेखकाने रचली असती, तर आपण ती अतिशयोक्ती म्हणून सोडून दिली असती.

वास्तविक या उद्योगाचा आरंभ नेमका उलट होता. १९८१मध्ये आयबीएमने आपल्या पहिल्या वैयक्तिक संगणकासाठी इंटेलचा प्रोसेसर निवडला, तेव्हा एकाच पुरवठादारावर अवलंबून राहण्याची तिची तयारी नव्हती. दुसरा कोणीतरी तोच भाग बनवणारा असला पाहिजे, हा तिचा आग्रह. त्यातून १९८२ साली इंटेलने एएमडीशी करार केला. म्हणजे एएमडी या बाजारात पाय रोवून उभी राहिली ती गिऱ्हाइकाच्या सावधगिरीमुळे. पुढे १९८५मध्ये ‘३८६’ हा प्रोसेसर आला, तेव्हा इंटेलने तो दुसऱ्या कोणाला बनवू दिला नाही, आणि तराजूचे पारडे फिरले. १९९१पासून ‘इंटेल इनसाइड’ची मोहीम सुरू झाली, जीत ती खूण छापणाऱ्या उत्पादकाच्या जाहिरातखर्चाचा वाटा इंटेल उचलत असे. आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात जुन्या खोक्यांवरच्या त्या गोल खुणा अजून शाबूत आहेत. संगणक जुळवणाऱ्याचे नाव पुसले गेले आहे, आतल्या भागाचे टिकले आहे.

युरोपातील खटल्याचे पुढे काय झाले, हे न सांगता पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. इंटेलवर १०६ कोटी युरोंचा दंड झाला होता. २०१४ला खालच्या न्यायालयाने तो उचलून धरला, २०१७ला वरच्या न्यायालयाने प्रकरण परत पाठवले, आणि जानेवारी २०२२मध्ये खालच्याच न्यायालयाने सवलतींसंबंधीचा भाग रद्द केला : या सवलतींमुळे स्पर्धेला खरोखर बाधा येऊ शकत होती का, याचे आयोगाचे विश्लेषण अपुरे आहे, असे म्हणून. ऑक्टोबर २०२४मध्ये ते कायम झाले. प्रतिस्पर्ध्याचा माल बाजारात उशिरा आणावा वा आणू नये म्हणून थेट पैसे दिल्याचा भाग वेगळा. त्यासाठी २०२३मध्ये ३७ कोटी ६० लाख युरोंचा दंड नव्याने लावला गेला, आणि तोही पुन्हा न्यायालयात गेला. म्हणजे एकनिष्ठेसाठी सूट देणे हे पाप आहे की चतुर व्यापार, यावर पंधरा वर्षे विद्वान न्यायाधीशांचे एकमत होऊ शकले नाही. आमचा त्यात निवाडा करण्याचा अधिकार नाही. परंतु गुंतवणूकदाराचा प्रश्न या वादावर अवलंबून नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. तो करार सर्वस्वी कायदेशीर होता असे धरले, तरी प्रश्न उरतोच : आम्ही ज्याला तुमचे कर्तृत्व समजून पैसे लावले, ते दुसऱ्याच्या मर्जीवर उभे होते, हे तुम्ही आम्हाला सांगितले का? एएमडीचे नुकसान झाले की नाही, ही वेगळी फिर्याद.

पुरवठ्याचे सगळेच करार असे अंधारात होत नाहीत. नोव्हेंबर २००५मध्ये ॲपलने फ्लॅश मेमरीसाठी पाच कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले, २०१०पर्यंतच्या पुरवठ्याची तजवीज म्हणून १२५ कोटी डॉलर आगाऊ देण्याचे ठरवले, आणि तसे जाहीर केले. आयपॉडचा खप वाढत होता, मेमरीचा तुटवडा होण्याची भीती होती, ॲपलने पीक उभे राहण्याआधीच सौदा केला. त्यात धोका होता. मेमरी स्वस्त झाली असती, तर आगाऊ रक्कम अंगावर आली असती. परंतु तो धोका वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. ज्याला पटला नाही, त्याने समभाग विकावा.

डेलच्याच बाबतीत याच सुमारास एक जोडगोष्ट घडली. ऑगस्ट २००६मध्ये तिला ४१ लाख बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या. त्या तापून पेट घेण्याचा संभव होता. बॅटऱ्या सोनीने बनवलेल्या होत्या, आणि हे सगळ्या जगाला त्याच दिवशी कळले. एकाच उन्हाळ्यात, एकाच कंपनीच्या तोंडून, एका पुरवठादाराचे नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यात गेले आणि दुसऱ्याचे ‘सुट्या भागांच्या किमती’ या शब्दांआड राहिले. भाग पेटला की त्याला कर्ता असतो.

२०१०मध्ये डेलने १० कोटी डॉलरचा दंड मान्य केला. मायकेल डेल आणि माजी मुख्याधिकारी केव्हिन रोलिन्स यांनी प्रत्येकी ४० लाख डॉलर. आरोप ‘मान्य न करता आणि नाकारताही न करता’. या सूत्राचे मराठी भाषांतर आम्ही विद्यार्थ्यांना दिले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने ते वेगळे केले आणि प्रत्येकाचे वाक्य कुठेतरी लंगडले. आम्ही वर लिहिले आहे तेही लंगडेच आहे. ते तसेच ठेवले. कंपनीने भरलेला दंड कोणाच्या खिशातून जातो, हाही प्रश्न वर्गात निघाला. कंपनी भागधारकांची, तिचा पैसा त्यांचा. म्हणजे ज्यांना सांगितले गेले नाही, त्यांच्याच मालकीच्या थैलीतून न सांगितल्याचा दंड भरला गेला. त्यांतले जे अजून भागधारक असतील, त्यांना ही न्यायाची रीत विचित्र वाटली असेल. आम्हाला तरी वाटते.

अलीकडच्या एका करारामुळे हा सगळा पाठ पुन्हा हाताळावा लागणार आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याच एएमडीने ओपनएआय या कंपनीशी झालेला करार जाहीर केला. ओपनएआय अनेक वर्षांत सहा गिगावॅट क्षमतेएवढे एएमडीचे प्रोसेसर वापरणार; आणि तिने टप्प्याटप्प्याने ते वापरावेत म्हणून एएमडी तिला स्वतःचे १६ कोटींपर्यंत समभाग प्रत्येकी एका सेंटला घेण्याचा हक्क देणार. समभागाचा भाव ठरलेल्या पायऱ्या चढला, तरच ते हाती पडतील. त्या दिवशी एएमडीचा समभाग २० टक्क्यांहून अधिक वर गेला. यात लपवलेले काही नाही. अटी जाहीर आहेत, आकडे जाहीर आहेत, कर्ता, कर्म, क्रियापद सगळे जागेवर आहे. माल घेणारा माल विकणाऱ्याचा अंशतः मालक होतो, त्याच्या मालकीची किंमत त्यानेच माल घेतल्याच्या बातमीने वाढते, आणि त्या वाढीतून माल घेण्याला बळ मिळते. वीस वर्षांपूर्वी एएमडीचा माल न घेण्याबद्दल पैसे मिळत. आता घेण्याबद्दल मिळतात. भागधारकांनी हे वाचले आणि आनंद मानला. त्यांचा आनंद बरोबर की चूक, ते प्रोसेसर प्रत्यक्ष किती बसवले जातात त्यावरून ठरेल.

पुढच्या सत्रात या घोषणेचा उतारा भाषांतरासाठी द्यायचा विचार आहे. कच्चा खर्डा तयार आहे. ओपनएआयसाठी त्यात ‘ग्राहक’ हा शब्द ठेवावा, ‘भागीदार’ ठेवावा, की दोन्ही गाळून नुसते नाव लिहावे, यावर आमच्या दोघांत गेले तीन आठवडे वाद चालू आहे.